छावणीत वाढलेल्या पिढीला दया नको, नागरिकत्व हवे

१ सप्टेंबर २०२५ रोजी देशात परकीयांच्या प्रवेशासंबंधीचा नवा कायदा अंमलात आला. त्याच वेळी केंद्र सरकारने सवलतीचा एक आदेश काढला. ९ जानेवारी २०१५ पर्यंत भारतात आश्रय घेतलेल्या आणि सरकारदरबारी नोंद झालेल्या श्रीलंकेतील तामीळ निर्वासितांना पासपोर्ट किंवा व्हिसा नसल्याबद्दलच्या शिक्षेतून या आदेशाने मुक्त करण्यात आले. चाळीस वर्षे ज्यांच्या डोक्यावर खटल्याची आणि हद्दपारीची तलवार टांगलेली होती त्यांना यामुळे थोडा दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षा टळणे आणि हक्क मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नागरिकत्वाच्या कायद्यातील ‘बेकायदा स्थलांतरित’ ही व्याख्या या आदेशाने बदललेली नाही. तेव्हा ज्याला तुरुंगात टाकायचे नाही असे सरकारनेच ठरविले, तो माणूस नागरिकत्वाचा अर्ज करू गेला तर मात्र पूर्वीइतकाच बेकायदा ठरतो.

या विसंगतीचा सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर पडला आहे ती सारी माणसे लहानपणी आलेली किंवा येथेच जन्मलेली आहेत. १९९० साली आईच्या कडेवर बसून होडीतून रामेश्वरच्या किनाऱ्याला लागलेले दोन वर्षांचे मूल आज पस्तिशी ओलांडून गेले आहे. तामिळनाडूच्या शाळेत ते शिकले, तामिळनाडूच्या महाविद्यालयात त्याने पदवी घेतली, येथेच त्याचे लग्न झाले आणि येथेच त्याची मुले शाळेत जाऊ लागली. समुद्र ओलांडण्याचा निर्णय त्याचा नव्हता. तो त्याच्या आईबापांचाही खऱ्या अर्थाने नव्हता, कारण जळत्या घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला कोणी पर्याय देत नाही. तरीही कायद्याच्या दृष्टीने या मुलाने ‘वैध कागदपत्रांविना देशात प्रवेश’ केला आहे, आणि तो दोष मरेपर्यंत त्याच्या नावावर राहणार आहे. जन्माच्या वेळी कपाळी मारलेला हा शिक्का पुसण्याचा मार्ग कायद्यात असला पाहिजे की नाही, हा आजचा प्रश्न आहे.

मळ्यांपासून छावणीपर्यंत

या प्रश्नाची मुळे १९८३ च्याही फार मागे जातात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मळेवाल्यांना सिलोनच्या डोंगरांत आधी कॉफी आणि मग चहा पिकवायचा होता. त्यासाठी लागणारे स्वस्त श्रम त्यांनी दक्षिण भारतातील दुष्काळी जिल्ह्यांतून उचलले. कंगाणी म्हणजे मजूर भरती करणारा मुकादम. त्याच्यामार्फत कर्जात अडकवून कुटुंबेच्या कुटुंबे समुद्रापार नेण्यात आली. रामेश्वरजवळच्या मंडपम येथे या मजुरांना तपासणीसाठी आणि विलगीकरणासाठी ठेवण्याची छावणी होती. पुढे त्याच मंडपममध्ये श्रीलंकेतून जीव घेऊन पळालेल्या निर्वासितांची नोंदणी होऊ लागली. ज्या दारातून पणजोबाला मजूर म्हणून बाहेर पाठविण्यात आले, त्याच दारातून पणतू ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणून आत आला. वसाहतवादाने मांडलेल्या हिशेबाची बाकी अशी चार पिढ्यांनंतरही फिटलेली नाही.

स्वातंत्र्य मिळताच सिलोनच्या राज्यकर्त्यांनी पहिला घाव घातला तो याच मळेमजुरांवर. १९४७ च्या निवडणुकीत त्यांनी आपले प्रतिनिधी संसदेत पाठविले होते आणि अनेक मतदारसंघांत डाव्या उमेदवारांना बळ दिले होते. सत्ताधारी वर्गाला ही संघटित शक्ती नको होती. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने या लाखो कामगारांचे नागरिकत्व आणि त्यानंतर मताधिकार काढून घेण्यात आला. सिलोनमधील डाव्या पक्षांनी त्या वेळी या कायद्याला कडाडून विरोध केला. परंतु कायदा झाला, आणि साऱ्या देशाची तिजोरी ज्यांच्या घामावर भरत होती ती माणसे एका रात्रीत कोणत्याच देशाची उरली नाहीत.

मग दोन सरकारांनी या माणसांची वाटणी केली. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. ९,७५,००० राज्यविहीन माणसांपैकी ५,२५,००० भारताने घ्यावीत, ३,००,००० श्रीलंकेने ठेवावीत, असे ठरले. उरलेल्या दीड लाखांची निम्मी-निम्मी वाटणी १९७४ मध्ये झाली. ज्यांच्या आयुष्याचा हा सौदा होता त्यांचे मत विचारण्याची दोन्ही बाजूंना आवश्यकता वाटली नाही. करारानुसार आलेल्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. त्यांच्यापैकी कित्येकांना निलगिरीत सरकारी चहामळ्यांवर काम देण्यात आले. तामिळनाडूचे चहामळा महामंडळ मुळात त्यांच्या पुनर्वसनासाठीच उभे राहिले. परंतु कराराची अंमलबजावणी रेंगाळली आणि युद्ध पेटल्यावर १९८४ च्या सुमारास तलैमन्नार-रामेश्वर जहाजसेवा बंद पडली. अनेक कुटुंबे पलीकडेच राहिली. १९७७ च्या दंगलींनंतर मळ्यांतून पळून ती उत्तरेकडील वन्नी भागात वसली आणि तेथे यादवीच्या तोंडी सापडली.

या इतिहासाचा परिणाम असा की एकाच घराण्यातील दोन भावांच्या वंशजांना आज दोन वेगवेगळे दर्जे आहेत. एक भाऊ करारान्वये जहाजातून आला. त्याची नातवंडे कुन्नूर किंवा गुडलूरमध्ये भारताचे मतदार आहेत. दुसरा भाऊ करारान्वये येऊ शकला नाही, पुढे मच्छिमाराच्या होडीतून आला; त्याची नातवंडे छावणीत आहेत आणि कायद्याने परकी आहेत. रक्त एक, भाषा एक, मूळ गाव एक. फरक आहे तो फक्त प्रवासाच्या साधनाचा.

नोंद आहे, हक्क नाही

जुलै १९८३ मध्ये कोलंबो आणि इतर शहरांत तामिळांची कत्तल झाली आणि निर्वासितांची पहिली लाट भारतात आली. भारतीय शांतिसेना मार्च १९९० मध्ये परतल्यानंतर लढाई पुन्हा भडकली आणि दुसरी मोठी लाट आली. १९९६ नंतर तिसरी, २००६ नंतर चौथी. मे २००९ मध्ये युद्ध संपेपर्यंत तीन लाखांच्या आसपास माणसे या मार्गाने आली. २१ मे १९९१ रोजी चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली. त्या अमानुष कृत्याशी सामान्य निर्वासितांचा काहीही संबंध नव्हता; परंतु संशयाची किंमत त्यांनाच मोजावी लागली. छावण्यांवरील निर्बंध कडक झाले, पोलिसांच्या क्यू शाखेची नजर नित्याची झाली आणि परत पाठवणीला वेग आला. मार्च १९९५ पर्यंत ९९,४६९ निर्वासित परत गेले. त्यानंतर सरकारी पातळीवरील संघटित परतावा झालेला नाही.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अलीकडच्या वर्षांतील अहवालांनुसार तामिळनाडूतील शंभराहून अधिक छावण्यांत सुमारे ५८ हजार, तर छावणीबाहेर पोलिसांकडे नोंद करून सुमारे ३४ हजार निर्वासित राहतात. चेन्नईच्या उत्तरेला पुळल आणि त्यापुढे गुम्मिडिपूंडी येथे अशा वसाहती आहेत. चेपॉकच्या सरकारी कचेरीतून या सर्वांचा कारभार चालतो. प्रत्येक कुटुंबाचा क्रमांक, प्रत्येक मुलाचा जन्म, प्रत्येकाचा निर्वाहभत्ता त्या दप्तरात नोंदलेला आहे. म्हणजे ‘कागदपत्रे नसलेली’ असे ज्यांना म्हटले जाते त्यांच्याविषयी सरकारजवळ जितके कागद आहेत तितके कदाचित सामान्य नागरिकाविषयीही नसतील. उणीव आहे ती त्या कागदांना हक्काचे मोल देण्याच्या इच्छेची.

तामिळनाडूत आलेल्या निरनिराळ्या सरकारांनी निर्वासितांसाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये एम. के. स्टालिन यांच्या सरकारने ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ७,४६९ नवी घरे बांधण्याचे ठरविले, कुटुंबप्रमुखाचा मासिक भत्ता १,००० वरून १,५०० रुपये केला आणि ‘निर्वासित छावणी’ हे नाव बदलून ‘श्रीलंका तामीळ पुनर्वसन छावणी’ असे नाव दिले. एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४ मध्ये चेन्नईत स्थापन केलेल्या ‘ऑफर’ या निर्वासितांच्याच संघटनेने शिक्षणाचे मोठे काम उभे केले, आणि छावणीत जन्मलेल्या मुलांचे जन्मदाखले मिळवून देण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. पण नागरिकत्व हा विषय केंद्राचा. राज्य सरकार घर देऊ शकते, घराची मालकी देऊ शकत नाही. शिकवू शकते, शिकलेल्याला सरकारी नोकरीचे दार उघडून देऊ शकत नाही.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते छावणीत गेल्यास दिसते. पदवी घेतलेला तरुण इमारतींच्या रंगकामावर रोजंदारीने जातो, कारण त्या कामाला कोणी पासपोर्ट विचारत नाही. त्याला जमीन विकत घेता येत नाही, परदेशी नोकरीसाठी जाता येत नाही आणि मत देता येत नाही. ज्याच्याजवळ मत नाही त्याच्या गाऱ्हाण्याला आमदार-खासदाराच्या दारी वजन नाही. ठेकेदाराला असा मजूर सोयीचा असतो. मजुरी बुडविली तरी तो पोलिसांकडे जाणार नाही आणि संघटनेत येण्याआधी दहा वेळा विचार करील, हे ठेकेदार जाणतो. म्हणून हा केवळ निर्वासितांचा प्रश्न राहत नाही. एकाच पहाडावर उभे राहून भिंत रंगविणाऱ्या दोघांपैकी एकाला हक्क नसतील तर दुसऱ्याची मजुरीही सुरक्षित राहत नाही, हा कामगार चळवळीचा जुना अनुभव आहे.

कायद्याने बंद केलेली दारे

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारताच्या भूमीवर जन्मलेले मूल मुळात भारताचे नागरिक होते. आसाम करारानंतर कायदा बदलण्यात आला आणि १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एकजण भारतीय असण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने, जी ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाली, त्याहून पुढची अट घातली: एक पालक भारतीय असला तरी दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ असता कामा नये. याच दुरुस्तीने बेकायदा ठरलेल्या माणसाला नोंदणीने किंवा दीर्घ वास्तव्याने नागरिक होण्याचे मार्गही बंद केले. परिणामी तामिळनाडूच्या खेड्यातील भारतीय मुलीने छावणीतील तरुणाशी लग्न केले तर त्यांचे येथेच जन्मलेले मूल भारतीय ठरत नाही. आई मतदानाला जाते आणि तिचे मूल परकी म्हणून नोंदले जाते! कुटुंबसंस्थेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्या राज्यकर्त्यांना यात काही गैर वाटत नाही.

ज्यांना जुन्या कायद्याने निर्विवाद हक्क आहे त्यांनाही तो सहज मिळत नाही. १९८६ मध्ये मंडपम छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीला जन्मानेच नागरिकत्व मिळालेले होते. तरी तिला पासपोर्ट नाकारण्यात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने आदेश दिला तेव्हा पासपोर्ट मिळाला, आणि १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या निवडणुकीत तिने तिरुचिरापल्लीत पहिले मत दिले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तेही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून, जन्मसिद्ध हक्क मिळाला याचा सरकारला संकोच वाटावयास हवा होता. त्याच खंडपीठाने जून २०१९ मध्ये भारतीय वंशाच्या ६५ निर्वासितांच्या अर्जांवर केंद्राने सोळा आठवड्यांत निर्णय घ्यावा असे सांगितले होते. न्यायालये कधी सहानुभूती दाखवितात, कधी दाखवीत नाहीत. मे २०२५ मध्ये शिक्षा भोगून झालेल्या एका श्रीलंकन तामिळाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने भारत ही धर्मशाळा नव्हे अशा आशयाचे उद्गार काढले. सुमारे लाखभर माणसांचे भवितव्य न्यायमूर्तींच्या त्या-त्या दिवशीच्या मतावर अवलंबून राहणे योग्य नाही. हे काम संसदेचे आहे.

धर्माची कसोटी हा मार्ग नव्हे

संसदेने २०१९ च्या डिसेंबरमध्ये कायदा केला, पण तो कसा? पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना बेकायदा स्थलांतरित मानू नये, असे एक परंतुक व्याख्येला जोडले. ११ मार्च २०२४ रोजी त्याचे नियमही जारी झाले. श्रीलंकेचे नाव त्यात नाही. ज्या देशांत विशिष्ट धर्माला राज्यधर्माचे स्थान आहे तेथील पीडितांसाठी हा कायदा आहे, असे समर्थन करण्यात आले. मग श्रीलंकेच्या राज्यघटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलेले आहे, १९५६ मध्ये सिंहली हीच राजभाषा ठरविण्यात आली आणि १९८३ मध्ये मतदारयाद्या हातात घेऊन तामिळांची घरे शोधण्यात आली, हे सारे दिल्लीला ठाऊक नव्हते काय? हा कायदा पीडितांसाठी असता तर पीडा हाच निकष ठरला असता. तसे झाले नाही, कारण मुसलमानाला वगळणे हा त्याचा गाभा होता.

या वगळण्यामुळे संतापलेले काही लोक म्हणतात की श्रीलंकेतील हिंदू तामिळांनाही त्या कायद्यात घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मदुराई खंडपीठानेही त्या कायद्याचे तत्त्व श्रीलंकेतील हिंदू तामिळांना लागू व्हावयास हरकत नाही अशा आशयाचे मत व्यक्त केले. भावना समजण्यासारखी आहे. मार्ग मात्र घातक आहे. छावणीत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, थोडे मुसलमानही आहेत. एकाच होडीतून उतरलेल्या, एकाच पत्र्याच्या छपराखाली तीस वर्षे काढलेल्या शेजाऱ्यांना देवाचे नाव विचारून वेगळे करावयाचे काय? ज्या विषाने श्रीलंका पोळली त्याचाच डोस येथे औषध म्हणून पाजण्यासारखे ते होईल. सप्टेंबर २०२१ मध्ये तामिळनाडू विधानसभेने हा कायदा रद्द करण्याची मागणी करणारा ठराव केला, तो याच कारणासाठी योग्य होता.

धर्म न विचारता नागरिकत्व देण्याचा मार्ग भारतीय कायद्याला अपरिचित नाही. त्याच १९५५ च्या कायद्यात आसाम करारानंतर कलम ६-अ घालण्यात आले. १ जानेवारी १९६६ ते २५ मार्च १९७१ या काळात पूर्व पाकिस्तानातून आसामात आलेल्यांनी नोंदणी करावी, दहा वर्षे त्यांना मताधिकार असू नये, इतर सर्व हक्क व कर्तव्ये नागरिकांसारखी असावीत, आणि दहा वर्षांनंतर ते पूर्ण नागरिक व्हावेत, अशी ती तरतूद आहे. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती वैध ठरविली. एक तारीख, एक नोंदणी, एक मुदत आणि शेवटी पूर्ण नागरिकत्व: जे ब्रह्मपुत्रेच्या काठी करता आले ते पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी का करता येऊ नये? तारीख तर केंद्रानेच २०२५ च्या आदेशात ठरवून दिलेली आहे, ९ जानेवारी २०१५. नोंदणी चेपॉकच्या दप्तरात आहे. मुदत बहुतेकांनी कधीच पुरी केली आहे.

महाराष्ट्राचा अनुभव आणि जगाचा अनुभव

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले; १९४९ मध्ये तेथे उल्हासनगर वसले आणि छावणीचे औद्योगिक शहर झाले. कडेवर बसून आलेली मुले तेथे कारखानदार झाली, कामगार झाली, नगरसेवक झाली. हे शक्य झाले कारण राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने त्यांना नागरिक म्हणून स्वीकारले होते. उलट गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत अर्ध्या शतकानंतरही नोंदणीपत्रावर जगणारी माणसे आहेत. १९५० ते १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना जन्मसिद्ध नागरिकत्व आहे हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. एकाच राज्यातील या दोन वसाहतींत कष्टाचा किंवा निष्ठेचा फरक नाही. फरक आहे तो कायद्याने दिलेल्या वागणुकीचा.

संशयाचे राजकारण निर्वासितापाशी थांबत नाही, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे उघड झाल्यावर परत आणावे लागले. परक्याला हक्क नाही हे तत्त्व एकदा मान्य केले की गरीब नागरिकालाही आपण परके नाही हे रोज सिद्ध करावे लागते.

सातासमुद्रापार अमेरिकेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. आईबापांबरोबर कागदपत्रांविना आलेल्या मुलांना शाळेत घेण्यास टेक्सास राज्याने नकार दिला तेव्हा १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही असा निकाल दिला. परंतु शिकून मोठी झालेल्या या मुलांना कायम वास्तव्याचा मार्ग देणारे विधेयक २००१ पासून वारंवार मांडूनही मंजूर झालेले नाही. २०१२ मध्ये ओबामा सरकारने दर दोन वर्षांनी नूतनीकरण होणारा तात्पुरता परवाना दिला. पुढच्या राष्ट्राध्यक्षाने तो काढून घेण्याचा प्रयत्न केला. २०२० मध्ये न्यायालयाने तो प्रयत्न अडविला. आठ लाखांहून अधिक तरुणांनी या परवान्याचा आधार घेतला, तरी नागरिकत्वाच्या दारापर्यंत तो कोणालाही नेत नाही. सरकारी आदेशाने दिलेली सवलत दुसऱ्या आदेशाने जाते. कायद्याने दिलेला हक्क तितक्या सहज जात नाही. भारत सरकारच्या २०२५ च्या आदेशाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

आक्षेप आणि उत्तरे

नागरिकत्व दिल्यास श्रीलंकेतील तामिळांचे संख्याबळ घटेल आणि तेथील लढा दुबळा होईल, असा एक आक्षेप तामीळ राजकारणातूनच येतो. त्यात तथ्यांश आहे. ज्यांची जमीन जाफना, मन्नार किंवा मुल्लैतीवू भागात आहे त्यांतील अनेकांना परत जावयाचे आहे. त्यांच्या जमिनी परत मिळाव्यात, तेथे लष्कराचा वावर कमी व्हावा आणि परतीचा प्रवास सुरक्षित असावा यासाठी भारताने श्रीलंका सरकारशी ठामपणे बोलले पाहिजे. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेच्या मदतीने परतलेल्या एका वृद्ध निर्वासिताला जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर अटक झाली. आरोप काय, तर पूर्वी बेकायदा देश सोडला! अशा स्थितीत परतण्याचे आवाहन कोण गंभीरपणे घेईल? परंतु परत जाण्याचा हक्क म्हणजे परत जाण्याची सक्ती नव्हे. १९६४ मध्ये दोन सरकारांनी माणसे न विचारता वाटून घेतली. ती चूक दुसऱ्यांदा करावयाची नसेल तर निवड माणसाची असली पाहिजे. आणि मळेमजुरांच्या वंशजांना परतण्यासाठी तेथे घरही नाही, जमीनही नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. चाळीस वर्षे हजेरीपटावर असलेल्या, ज्यांची प्रत्येक हालचाल पोलिसांना ठाऊक आहे अशा लोकांबद्दल तो करणे हास्यास्पद आहे. एखाद्याने गुन्हा केला असेल तर कायदा त्याच्यापुरता चालावा. त्यासाठी बालवाडीतील मुलाला जन्मभर संशयित ठेवण्याचे कारण नाही. तिसरा आक्षेप साधनांच्या तुटवड्याचा. परंतु ही माणसे येथेच राहत आहेत, येथेच राबत आहेत. नागरिकत्व दिल्याने देशावर नवे तोंड वाढत नाही. आज अर्ध्या मजुरीत अडकलेले हात मोकळे होतात.

मागण्या

तेव्हा कार्यक्रम स्पष्ट आहे. ९ जानेवारी २०१५ पर्यंत नोंद झालेल्या सर्व श्रीलंकन तामीळ निर्वासितांना, त्यांचा धर्म कोणताही असो, ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येतून वगळणारे एका वाक्याचे परंतुक संसदेने कायद्यात घालावे. अल्पवयात आणलेल्यांना आणि येथे जन्मलेल्यांना कलम ६-अ च्या धर्तीवर नागरिकत्व द्यावे, आणि त्यांनी काढलेली वर्षे मुदतीत धरून आणखी प्रतीक्षा लादू नये. १ जुलै १९८७ पूर्वी छावणीत जन्मलेल्यांना न्यायालयात न जाता प्रशासनानेच कागदपत्रे द्यावीत. एक पालक भारतीय असलेल्या मुलावरील २००३ ची अट रद्द करावी. हे होईपर्यंत सर्वांना कायम वास्तव्याचा परवाना द्यावा, जेणेकरून शिक्षण, नोकरी, प्रवास आणि घराची मालकी यांना अडथळा राहणार नाही. ज्यांना परत जावयाचे आहे त्यांना सन्मानाने आणि पुनर्वसनाच्या हमीसह जाता यावे. आणि १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराबाहेर राहिलेल्या या देशाने आता निर्वासितांसाठी स्वतःचा, धर्मनिरपेक्ष कायदा करावा. १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना प्रत्येक मुलाला राष्ट्रीयत्व मिळविण्याचा हक्क आहे हे भारताने मान्य केलेच आहे.

या मागण्या तामिळनाडूपुरत्या ठेवून चालणार नाहीत. दिल्लीतील सरकारला चेन्नईच्या ठरावाकडे दुर्लक्ष करता येते, कारण इतर राज्यांतील जनतेला हा प्रश्न आपला वाटत नाही. तो आपला वाटावा यासाठी महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी कामगार, शेतकरी आणि विद्यार्थी संघटनांनी आपल्या सभांतून, ठरावांतून आणि मोहिमांतून हा विषय मांडणे आवश्यक आहे. ज्या वर्गाला मळेवाल्यांनी समुद्रापार नेले, एका राज्याने नाकारले आणि दुसऱ्या राज्याने छावणीत ठेवले, तो वर्ग देशाच्या कामगारवर्गाचाच भाग आहे. त्याची तिसरी पिढी आज शाळेच्या बाकावर बसली आहे. तिने हजेरीपटावर नाव लावण्याऐवजी मतदारयादीवर नाव लावावे, एवढीच मागणी आहे, आणि ती पुरी करून घेण्याची जबाबदारी लोकशाहीवर विश्वास असलेल्या प्रत्येकाची आहे.